दुधातला हात

यंत्राने मला घाणेरडी म्हटलं. माझं डोकं फिरलं ते तिथपासून, आणि नंतर कितीतरी दिवस जागेवर आलं नाही.

शब्द अर्थातच ते नव्हते. पडद्यावर नारिंगी पट्टी आली, 'नमुन्यात कर्मचाऱ्याची त्वचा. कर्मचारी : भाग्यश्री चौगुले.' इंगवले सर, म्हणजे आमच्या दूधसंघाच्या प्रयोगशाळेचे प्रमुख, खुर्ची ढकलून आले. त्यांनी चष्मा कपाळावर नेला, पट्टी वाचली आणि विचारलं, "मॅडम, हातमोजे घालता ना?"

"घालते. तुम्ही चष्मा डोळ्यांवर आणा, म्हणजे दिसतील," मी म्हणाले.

ते हसले. माझ्या तोंडाची त्यांना सवय आहे. पण मला हसू आलं नाही. माझ्या टेबलावरून बोट फिरवावं आणि धूळ काढून दाखवावी, मी नाव बदलीन. नवी पोरं कामाला लागली की सर त्यांना आधी माझ्याकडे पाठवतात, स्वच्छता शिकायला. आणि माझीच कातडी दुधात?

आमचं काम काय आहे ते आधी सांगते, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. दूध आता दोन तऱ्हेचं येतं, गोठ्यातलं आणि टाकीतलं. टाकीत यीस्ट वाढवतात, आणि त्या यीस्टला गाईचं केसीन, म्हणजे दुधातलं मुख्य प्रथिन, तयार करायला शिकवलेलं असतं. वाईट नसतं ते, स्वस्तही पडतं. पण गोठ्याच्या दुधात टाकीचं मिसळायचं आणि गोठ्याचं म्हणून खपवायचं, हा धंदा जोरात चालू झाला. फॅट मोजा, घनता मोजा, काही कळत नाही. फरक आहे तो फार बारीक. गाय केसीनच्या साखळीवर ठरलेल्या जागी फॉस्फेटचे ठिपके लावते, यीस्ट ते लावताना जागा चुकतं. ते पकडायचं तर प्रथिनाचं वजन करावं लागतं, एकेका तुकड्याचं.

अख्खं प्रथिन काही वजनयंत्राला झेपत नाही. ते लांबलचक असतं, गुंडाळलेलं असतं, आणि जागोजाग गंधकाच्या टाक्यांनी शिवलेलं असतं. आधी ते टाके उसवायचे, परत जुळू नयेत म्हणून टोकं बंद करायची, आणि मग ट्रिप्सिन सोडायचं. ट्रिप्सिन म्हणजे आपल्या पोटात मांस-डाळ पचवणारंच विकर. त्याची खोड अशी की ते वाटेल तिथे तोडत नाही. प्रथिनाच्या साखळीत वीस तऱ्हेचे मणी, त्यांतल्या लायसिन आणि आर्जिनिन या दोनच मण्यांपाशी ते काप घेतं. ऊस कांड्याकांड्यावर तोडावा तसं. तुकडे ठरलेले पडतात, त्यांची वजनं ठरलेली असतात, आणि वजनांवरून प्रथिन कुठलं ते कळतं. मी कामाला लागले तेव्हा हे पचन रात्रभर चालायचं, नळ्या अंगाइतक्या उबेत ठेवून आम्ही घरी जायचो. आता ट्रिप्सिन काचेच्या कणांवर बसवून बारीक नळीत भरलेलं असतं. दूध या टोकाने जातं, तुकडे त्या टोकाने येतात, आणि चहा निवेपर्यंत निकाल पडद्यावर.

या कामाचा वैरी एकच, माणसाची कातडी. तिच्यातलं केराटिन नावाचं प्रथिन सगळीकडे झडत असतं आणि ट्रिप्सिन घरचा कोण, पाहुणा कोण बघत नाही, सगळ्यांना कापतं. म्हणून आम्हा सगळ्या कर्मचाऱ्यांच्या कातडीचे तुकडे यंत्राला ओळखीचे करून ठेवलेत. माणसामाणसाच्या केराटिनमध्ये एखादा मणी वेगळा असतो, त्यावरून यंत्र नाव सांगतं. दुसऱ्या कुणाचं मात्र वाचायचं नाही, तसा कायदाच आहे. दुधात माणसाचं जे काही सापडेल ते झाकलेल्या रकान्यात जातं आणि तिथेच राहतं.

दुसऱ्या दिवशी पट्टी परत आली. तिसऱ्या दिवशी परत. आणि दर वेळी एकाच बाटलीवर. बाकी शेकडो बाटल्या लख्ख, ही एक सोडून. माळेवाडीचा गोठा, मालकीण राजश्री सुरगोंडा पाटील.

राजश्री पाटील म्हणजे माझी सख्खी थोरली बहीण. राजाक्का.

तिची बाटली मी लांबून ओळखते. झाकणावर चिकटपट्टीचे घट्ट वेढे असतात. घाटात दूध सांडतं म्हणे. सगळ्या तालुक्यात कुणाचं सांडत नाही, हिचंच सांडतं. ते वेढे सोडवता सोडवता जीव मेटाकुटीला येतो, आणि दर वेळी मला वाटतं, ही मुद्दाम माझ्यासाठीच गुंडाळते.

कारण आमचं बोलणं बंद आहे. आई गेली तेव्हापासून. शेवटी शेवटी आईला चार पावलं टाकली की धाप लागायची. मी गाडी करून तिला कोल्हापूरला आणली, दवाखान्यात ठेवली, ऑक्सिजन लावला. अक्का म्हणत होती, घरी असू दे तिला, डोळ्यांसमोर जनावरं असू देत. आई दवाखान्यातच गेली. अक्काने भरल्या गोतावळ्यात मला सुनावलं की हिने आईला परक्या भिंतीत मारली. मी चुकले असं मला आजही वाटत नाही. श्वास कोंडलेल्या माणसाला म्हशी दाखवून काय होणार होतं? पण तिला ते कधी पटलं नाही. मागच्या दिवाळीत फराळ घेऊन गेले तर ही मागच्या दाराने उसात निघून गेली. दाजींनी बिचाऱ्यांनी मला चहा करून पाजला.

तर आता हिच्याच बाटलीत माझी कातडी सापडते, हे मला मान्य होण्यासारखं नव्हतं. मी ठरवलं, सिद्धच करते. नुसतं शुद्ध पाणी घेतलं, माझ्या हातांनी सगळ्या पायऱ्यांतून काढलं, ट्रिप्सिनमधून नेलं. निकाल कोरा. शेजारच्या गोठ्याची बाटली माझ्या हातांनी केली, कोरी. मग अक्काची केली. नारिंगी पट्टी हजर.

म्हणजे कातडी बाटलीतूनच येत होती. मग यंत्र माझं नाव का घेत होतं?

दुरुस्तीसाठी म्हणून झाकलेल्या रकान्याची किल्ली माझ्याकडे असते. ती वापरायची नसते, पण मी वापरली. बघते तर तुकडे माझ्या तुकड्यांशी जुळत होते, दोन जागा सोडून. त्या दोन जागी माझ्या ठरलेल्या वजनाचा तुकडा नव्हताच, भलतंच जड काहीतरी होतं. आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आमचे आई-बाबा आते-मामेभावंडं. आमच्याकडे मामाची मुलगी करायची पद्धत, तीही पिढ्यान्‌पिढ्या. त्यामुळे आम्ही दोघी बहिणी केराटिनच्या बाबतीत एका साच्यातल्या निघालो तर नवल काय? धार काढताना अक्काच्या हाताची कातडी दुधात पडत होती, आणि यंत्र तिलाच भाग्यश्री समजत होतं.

खरं सांगू, मला रडू आलं. जी बाई मला बघून उसात पळते, तिचा हात रोज सकाळी माझ्या टेबलावर येत होता. आज तिने धार काढली, आज ती आहे, बरी आहे. मी सरांना सांगितलं की यंत्राची ओळख-पट्टी ढिली आहे, बघते मी. आणि रोज तो रकाना उघडायला लागले. देवदर्शनासारखं झालं ते माझं. सकाळी आले की आधी अक्काची बाटली.

मग एक दिवस रकान्याच्या तळाला एक ओळ दिसली. आमचं यंत्र आणि दवाखान्यातलं यंत्र एकाच कंपनीचं, आतली अक्कल तीच. माणसाचे तुकडे दिसले की ते आपोआप रोगाचे ठसेही तपासतं, आमच्याकडे फक्त दाखवत नाही. ओळ अशी होती, 'त्वचेत तंतूंची अवाजवी वाढ. स्क्लेरोडर्माचा प्रारंभिक ठसा. तपासणी सुचवली आहे.'

तो शब्द मी आधी एकदाच वाचला होता, आईच्या दवाखान्याच्या कागदावर.

या रोगात शरीर गरज नसताना तंतू विणत सुटतं. आधी बोटांची कातडी ताठ होते, गारव्यात बोटं पांढरीफटक पडतात. मग हळूहळू आतली फुप्फुसं ताठ होतात. आईचं तेच झालं. डॉक्टर म्हणाले होते, सुरुवातीला आणली असती तर गोळ्यांवर निभावलं असतं, आता उशीर झाला. तेव्हा सुरुवात ओळखणारं यंत्र नव्हतं. आता होतं, आणि ते अक्काचा आजार सांगत होतं. आणि ते ऐकणारी या जगात मी एकटी होते.

मी अक्काला फोन लावला. तिने कापला. परत लावला, परत कापला. दाजींना लावला.

"दाजी, अक्काची तब्येत कशी आहे?"

"तिला काय धाड भरलीय? ठणठणीत हाय."

"हातबित आखडतात का तिचे?"

"कामाला म्हटलं की माझं आखडत्यात," दाजी हसले. "भागू, तुझं नाव काढलं की ती ताट सारती बघ. मला मधी घालू नको."

घरी सुकुमारला सांगितलं. सुकुमार माझा नवरा, शाळेत चित्रकला शिकवतो, कधी घाईत नसतो. तो म्हणाला, "मग जाऊन सरळ सांग की."

"काय सांगू? तुझ्या दुधातून तुझी कातडी चोरून वाचली? माझी नोकरी जाईल, आणि ती म्हणेल आता आजाराची अवदसा आणलीस दारात."

"नोकरी गेली तर गेली."

"तुला बोलायला काय जातं? आणि ती ऐकून दवाखान्यात जाईल असं वाटतं तुला? मी सांगितलं म्हणूनच जाणार नाही. ही बरणी उघडून दे आधी, माझ्या बोटांत प्रयोगशाळेतल्या त्या थंड खोलीने जीवच राहिलेला नाही."

त्याने लोणच्याची बरणी उघडून दिली आणि म्हणाला, "तुम्हा दोघींना एका खोलीत कोंडून बाहेरून कडी घातली पाहिजे." तो थट्टेने म्हणाला, पण मला त्यातून वाट दिसली.

संघाचा एक नियम आहे. नमुना संशयास्पद असा शेरा पडला की त्या गोठ्याचं दूध उचलायचं थांबतं, फक्त नमुन्याची बाटली येत राहते, आणि मालकाला प्रयोगशाळेत समक्ष यावं लागतं. फोन चालत नाही, नवरा चालत नाही, नाव ज्याचं त्यानेच यायचं. शेरा मारायचा अधिकार माझा.

चार दिवस मी त्या विचाराला शिवले नाही. शिवले नाही म्हणजे काय, दुसरा विचारच नव्हता. पोळी करपत होती, सुकुमारचा डबा त्याच्याऐवजी माझ्याच पिशवीत जात होता. माळेवाडीत दुधावर शेरा म्हणजे काय असतं ते मी त्याच गावात वाढलेय, मला ठाऊक आहे. टाकीचं मिसळते, असं एकदा म्हटलं गेलं की हळदीकुंकवाला बोलावताना बायका दोनदा विचार करतात. अक्काने उभ्या आयुष्यात दुधात पाण्याचा थेंब घातला नसेल. पण रकान्यातली ती ओळ रोज तशीच होती, आणि पाचव्या दिवशी तिच्यातला 'प्रारंभिक' हा शब्द मला घड्याळासारखा ऐकू यायला लागला. मी शेरा मारला.

संध्याकाळी दाजींचा फोन. या वेळी ते हसत नव्हते. "भागू, आईचा राग दुधावर काढायचा नसतो," एवढंच बोलले आणि ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी मी टेबलाशी उभीच राहू शकत नव्हते. खिडकीशी जायचे, परत यायचे. नऊच्या सुमाराला फाटकातून निळी स्कूटर आत आली. अक्काने ती अशी उभी केली की सुरक्षारक्षक दोन पावलं मागे सरला.

"आलोय मी," ती दारातून म्हणाली. आमच्याकडच्या बायका आले-गेले म्हणत नाहीत, आलो-गेलो म्हणतात, मीच शहरात येऊन बदलले. "सांग काय मिसळलोय ते. सगळ्यांच्या देखत सांग."

"आधी बस अक्का. पाणी घे."

"तुझ्या हातचं पाणी प्यायला आलो न्हाय."

मी दार लावलं. आणि एका दमात सगळं सांगून टाकलं, पट्टी, रकाना, आईचा रोग, शेरा का मारला ते. "तुझ्या हातात आईचं दुखणं सुरू झालंय अक्का. आत्ता गोळ्या घेतल्यास तर काही होणार नाही. मला शिव्या दे, आयुष्यभर बोलू नको, पण आज दवाखान्यात चल."

तिच्या चेहऱ्यावरचा राग कमी झाला नाही, पण त्यात गोंधळ मिसळला.

"धार काढताना माझी कातडी पडती म्हणतीस?"

"हो."

"अगं, धार कोन काढतंय? दोन सालं झाली, गोठ्यात मशीन हाय. सडाला नळ्या लावायच्या, बटन दाबायचं. तेबी तुझं दाजी दाबत्यात, माझा गुडघा गेल्यापास्नं. दुधाला माझा हात लागतोय कुठं?"

मला वाटलं ती खोटं बोलतेय. आजार ऐकून माणसं काहीही बोलतात. मी म्हटलं, "बाटली तर तूच भरतेस."

"चमच्यानं भरतो. आन झाकन लावतो. आन तुमची पोरं आपटत आनत्यात म्हणून पट्टी गुंडाळतो."

"थांब, तुला दाखवतेच," मी म्हणाले, आणि सकाळची तिची बाटली ओढली. मोज्याला चिकटपट्टी चिकटते, वेढ्याचं टोक सापडत नाही, म्हणून हिच्या बाटलीला मी मोजे काढते आणि नखांनी वेढे सोडवते. मग अर्थातच जुने मोजे परत घालत नाही, नवे कोरे घेते. तसे घेतले. उजव्या हाताचा घातला, बोटं नीट बसेनात म्हणून डाव्या उघड्या हाताने एकेक बोटाचं टोक धरून ओढलं. रोजच्यासारखं. आणि त्याच टोकांनी नमुन्याची नळी उचलणार, तेवढ्यात थांबले.

नव्या मोज्याच्या बाहेरच्या बाजूला मी आत्ता माझी उघडी बोटं घासली होती. पट्टी सोडवताना कातडी खरवडलेली बोटं. पाण्याच्या नमुन्याला चिकटपट्टी नव्हती, शेजारच्या गोठ्याच्या बाटलीला नव्हती. त्या वेळी मी मोजे बदललेच नव्हते. जास्त स्वच्छ राहायचं म्हणून मोजे बदलत होते ते फक्त अक्काच्या बाटलीला.

"काय झालं?" अक्काने विचारलं.

"बोट दे तुझं."

"कशाला?"

"दे गं."

तिची बोटं पुसून घेतली, माझी पुसून घेतली, दोन्ही नळ्या लावल्या. गंधकाचे टाके उसवले, टोकं बंद केली, ट्रिप्सिनमधून सोडलं. शेवटची नळी अक्कानेच धरली. आम्ही शेजारीशेजारी उभ्या राहून पडद्याकडे बघत होतो. किती वेळ लागतो ते मला पाठ आहे, तरी मी तीनदा घड्याळ पाहिलं.

अक्काचं आलं. तिचं केराटिन माझ्यापेक्षा पाच ठिकाणी वेगळं होतं. एका साच्यातल्या वगैरे काही नव्हतो आम्ही. तळाशी ओळ नव्हती. तिची कातडी ठणठणीत होती.

माझं आलं. तळाशी ती ओळ होती.

आणि त्या दोन जागांचं कोडं? आता तेही दिसलं. वेगळा मणी नव्हताच तिथे. ट्रिप्सिनचा काप चुकला होता, दोन तुकडे न तुटता जोडीने आले होते, म्हणून वजन जड. हे मी नव्या पोरांना पहिल्या आठवड्यात शिकवते. मला अक्का हवी होती, म्हणून मी तिथे अक्का वाचली.

"म्हंजे ते तुझ्या हातात हाय," अक्का म्हणाली.

"हो."

मीच बोलत सुटले. बघू, दाखवते पुढच्या आठवड्यात, सुरुवातच आहे, आज एवढ्या बाटल्या पडल्यात, सरांना विचारावं लागेल. माझं मलाच कळत नव्हतं मी काय बोलतेय.

"आधी माझ्या दुधावरचा शेरा काढ," अक्का म्हणाली.

शेरा काढायचा तर कारण लिहावं लागतं आणि सरांची सही लागते. सर आले. मी लिहिलं की नमुना गोठ्यात नव्हे, प्रयोगशाळेत बिघडला, माझ्या हातून. आणि झाकलेला रकाना मी परवानगीवाचून उघडला, रोज उघडला. सरांनी या वेळी चष्मा डोळ्यांवरच ठेवून वाचलं.

"मॅडम, हे असंच ठेवलंत तर या टेबलावर मला तुम्हाला ठेवता येणार नाही. यंत्रदोष लिहा. कोण विचारतंय?"

"गाव विचारेल, सर. बहीण संघात आहे म्हणून प्रकरण दाबलं, असं म्हणतील. हिच्या दुधात काही नव्हतं, ते स्पष्ट दिसलं पाहिजे."

सरांनी सही केली आणि माझ्याकडे किल्ली मागितली. मी दिली. इतकी वर्षं मी त्या टेबलाशी उभी होते, आणि किल्ली देताना मला फक्त एवढंच वाटलं की आता हात मोकळे झाले, तर ते ठेवायचे कुठे.

बाहेर आलो. जानेवारीचं ऊन होतं, वारा गार. अक्का स्कूटरजवळ जाऊन उभी राहिली, चावी काढली, लावली नाही.

"आईचं बी हेच हुतं?"

"हेच."

"तवा सुरवातीला कळलं असतं तर?"

मला खोटं बोलता आलं असतं. "गोळ्यांवर राहिली असती," मी म्हणाले. "घरीच. अजून असती कदाचित."

अक्काने मान हलवली. "बोटं पांढरी पडायची तिची. थंडीच्या दिवसात. मी म्हनायचो, गार पाण्यात भांडी घासू नको, मी घासतो."

"मी तिला लोकरीचे हातमोजे आणून दिले होते."

"व्हय. दिलं हुतंस. दोघींनी बघितलं. आन दोघी भांडलो कशावरनं, तर शेवटचं चार दिस कुठं काढायचं त्यावरनं."

मला रडायचं नव्हतं, पण आलं. तिलाही आलं. रस्त्यावरून संघाचा टँकर गेला, ड्रायव्हरने वळून बघितलं, आम्ही तशाच उभ्या राहिलो.

मग तिने पदराने तोंड पुसलं. "तू मला इचारल्याबिगर तिला उचलून नेलीस, ते मी इसरलो न्हाय हां."

"आणि तू मला सगळ्यांसमोर बोललीस, तेही मी विसरले नाही."

"बरं. मग बस मागं. दवाखाना कुठं हाय त्यो सांग."

"आत्ता? अक्का, निदान सुकुमारला फोन तरी..."

"तिथनं कर."

मी मागे बसले. स्कूटर चालू करण्याआधी तिने मागे न बघताच माझे दोन्ही हात ओढून घेतले, एक डावीकडून, एक उजवीकडून, आणि आपल्या स्वेटरच्या खिशांत घातले.

"काढू नको," ती म्हणाली.